संहितेच्या तीन प्रती कुठून आणायच्या?

माझ्या विद्यार्थ्यांच्या नाट्य-सादरीकरणाच्या परीक्षेच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर चौथा मुद्दा होता, "संहितेच्या तीन प्रती सोबत जोडाव्यात." या एका ओळीने माझे पाच आठवडे खाल्ले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून काढतेय, कारण ग्रुप इम्प्रोव्हायझेशन (लिहिलेल्या संहितेशिवाय समूहाने तिथल्या तिथे नाटक घडवणं, थोडक्यात इम्प्रोव्ह) शिकवणाऱ्या कुणालाही ही ओळ कधी ना कधी आडवी येणारच.

मी नाटकाच्या विद्यार्थ्यांना फिजिकल थिएटर, म्हणजे शब्दांपेक्षा शरीराने सांगायचं नाटक, शिकवते. या सत्रात 18 जण होते, 12 आठवडे, शेवटी सादरीकरण आणि त्याचे मार्क. सुरुवातीचे आठवडे छान गेले त्यामुळे त्याबद्दल फार सांगत नाही. चालणं, थांबणं, मंचाचा तोल सांभाळणं (मंच म्हणजे एका टोकावर तोललेली थाळी समजायची, एक जण इकडे सरकला की कुणीतरी तिकडे सरकायचं नाहीतर थाळी कलंडते), डोळे मिटून कुठलाही क्रम न ठरवता एकेकाने एकेक आकडा म्हणत वीसपर्यंत जाणं, दोघं एकदम बोलले की परत एकपासून. तिसऱ्या आठवड्यात पोरं वीसला पोचली आणि नंतर खोलीत जी शांतता पसरली ना, त्या शांततेसाठीच मी हे शिकवते.

चौथ्या आठवड्यात परीक्षा विभागात फॉर्म द्यायला गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, संहिता जोडलेली नाही." मी म्हटलं संहिता नाहीये, पोरं तिथेच घडवणार आहेत. ते म्हणाले, "मग तपासायचं काय?" प्रश्न काही चुकीचा नव्हता, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मग मी दीड पानी पत्र लिहिलं, उत्स्फूर्त अभिनय म्हणजे काय, समूह कसा काम करतो वगैरे. आठ दिवसांनी पत्र परत आलं, वर लाल पेनाने शेरा, "संहिता जोडणे." पुन्हा गेले तर साहेब रजेवर, त्याच्या पुढच्या वेळी साहेब होते पण फाइल दुसऱ्या टेबलावर. आणि दरवेळी मला तालमीची वेळ सोडून जावं लागत होतं, कारण त्यांची खिडकी नेमकी त्याच दोन तासांत उघडी.

खरा राग या खेपांचा नाहीये. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मार्कांचे रकाने होते: पाठांतर 20, संवादफेक 20, वेशभूषा 10, प्रत्येकाचे वेगळे. हे पान एका मुलीने माझ्या टेबलावर पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग बदलला. अक्षरशः एका दिवसात!

आमचा एक व्यायाम होता, थव्याचा. सगळे एका दिशेला तोंड करून, पुढे जो दिसेल त्याची हालचाल आपली करायची, दिशा वळली की पुढारी आपोआप बदलतो, कुणी ठरवत नाही. तोपर्यंत तो थवा इतका सुंदर चालायचा की कोण पुढे आहे ते मलाही कळायचं नाही. आता प्रत्येक जण पुढे यायला बघायला लागला. एक जण मध्येच उडी मारायचा, कारण उडी दिसते. दुसरी वाक्य बोलायची, कारण संवादफेकीला वीस मार्क आहेत. चार जणांनी घरी बसून संवाद लिहिले, पाठ केले आणि वर्गात ते "सुचल्यासारखे" बोलायला लागले. समोरच्याने काहीतरी वेगळं दिलं की हे अडायचे, कारण पाठ केलेल्यात ते नव्हतं.

इथे एका शब्दाचा घोळ सांगून ठेवते. आपल्या तालमीत ब्लॉकिंग म्हणजे कोण कुठून कुठे जाणार ते ठरवणं. इम्प्रोव्हमध्ये, कीथ जॉन्स्टन या इम्प्रोव्हच्या नामवंत शिक्षकाच्या पद्धतीत, ब्लॉक म्हणजे समोरच्याने दिलेली गोष्ट नाकारणं. एकाने हातात काहीतरी जड धरल्यासारखं केलं आणि दुसरा म्हणाला "तुझ्या हातात तर काहीच नाही," की खेळ तिथेच मेला. पोरांना हे दोन्ही अर्थ पहिल्याच दिवशी सांगा, मी उशिरा सांगितले आणि दोन तालमी नुसत्या गोंधळात गेल्या.

मी तेव्हा एक चांगली गोष्ट केली, आठवडाभर बोलणंच बंद केलं. न्यूट्रल मास्क, म्हणजे भाव नसलेले मुखवटे, कपाटातून बाहेर काढले. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक 1948 मध्ये इटलीत पादोव्हाला गेले आणि तिथे शिल्पकार अम्लेतो सार्तोरी यांच्यासोबत त्यांनी हा चामड्याचा मुखवटा घडवला, 1956 मध्ये पॅरिसमध्ये शाळा काढली तेव्हापासून तो त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी होता. त्या मुखवट्याला ना हसू ना रडू. चेहरा झाकला की चेहऱ्यावरची सगळी कारागिरी बंद पडते आणि पाठ, मान, पावलं बोलायला लागतात. आमचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे होते, चालतात. फक्त प्रेक्षकांकडे पाठ करून घाला, घातल्यावर बोलू नका, मुखवट्याला हात लावू नका. उडी मारणारा तो मुलगा मुखवटा घालून दोन मिनिटं नुसता उभा राहिला, मग हळूच मान वळवून त्याने बाजूच्या मुलीकडे पाहिलं. बस एवढंच. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

(हे आधीच सांगायला हवं होतं: पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकेकट्याला विचारा, गुडघा, पाठ, खांदा, जुनी दुखापत काय आहे. आणि स्पर्शाचा करार करा, कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही, आणि "आज नको" म्हटलं तर कारण विचारायचं नाही. वजन देण्या-घेण्याचे व्यायाम त्यानंतरच.)

तर फॉर्म. नवव्या आठवड्यात सुटला. सुटला तो कोमेदिया देल्लार्ते या जुन्या इटालियन नाट्यप्रकारामुळे. सोळाव्या शतकापासून इटलीतल्या त्या नटमंडळ्या पूर्ण लिहिलेल्या नाटकाशिवाय प्रयोग करायच्या. विंगेमागे एक कागद टांगलेला असायचा, कोण येतो, काय घडतं, कोण जातो एवढंच त्यावर. बाकी नटांकडे ठरलेल्या करामती आणि पाठ भाषणंही असायची, म्हणजे तयारी भरपूर. फ्लामिनिओ स्काला यांनी 1611 मध्ये असे 50 आराखडे छापलेत. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते आणि स्वतःच्या फॉर्मच्या वेळी मला सुचलं नाही, सुचलं ते रात्री अकराला, आणि मी तशीच उठून लिहायला बसले.

एक पान लिहिलं. सात टप्पे: सगळे रिकाम्या मंचावर येतात, कुणीतरी एक खुर्ची आणतं, खुर्चीचा ताबा तीन वेळा बदलतो, एक जण समूहाबाहेर पडतो, वगैरे. प्रत्येक टप्प्याला एक नियम आणि टप्पा संपल्याची खूण. काय बोलणार ते कोरं. सोबत आमच्याच अभ्यासक्रमाच्या पानाची झेरॉक्स, जिथे "समूह उत्स्फूर्त अभिनय" हे घटकाचं नाव छापलंय, त्याखाली पेन्सिलने रेघ. माझं दीड पानी पत्र कुणी वाचलं नव्हतं, ती रेघ मात्र वाचली गेली. दोन दिवसांत सही! मी जिन्यातच बसले थोडा वेळ, इतकं हलकं वाटलं.

म्हणून सांगते, समजावत बसू नका, त्यांच्याच कागदातली तुमच्या कामाची ओळ शोधा. आणि प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्याच, माझ्या पहिल्या पत्रावर ती नव्हती म्हणून ते "आलंच नाही" असंही एकदा ऐकावं लागलं.

मार्कांसाठी मी वेगळी पुरवणी जोडली, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. थांबता येतं का. समोरच्याने दिलेलं उचलून पुढे नेतो का. एकदा सापडलेली हालचाल दुसऱ्यांदा तेवढीच नेमकी करता येते का (लोकांना वाटतं इम्प्रोव्ह म्हणजे काहीही, पण नेमकेपणाशिवाय समूहाला ती हालचाल उचलताच येत नाही). दुसऱ्याच्या हालचालीला शरीर उत्तर देतं का, हे व्ह्यूपॉइंट्समधून (मंचावरची वेळ, जागा, हालचाल यांकडे बघण्याचे ठरलेले मुद्दे) घेतलं. नृत्यदिग्दर्शक मेरी ओव्हरली यांचे मूळ सहा होते, दिग्दर्शक अॅन बोगार्ट आणि टीना लँडाऊ यांनी नऊ केले, त्यातला हा एक. आणि रोजची वही, तालमीनंतर पाच ओळी. शांत मुलांचं काम मला या वहीतून कळलं, नाहीतर ते निसटलं असतं.

सादरीकरण 22 मिनिटं चाललं. खुर्ची आणायची होती आणि ती आणणारी मुलगी विंगेत अडखळली, खुर्ची आलीच नाही. तर थव्यातल्या तिघांनी एकही शब्द न बोलता आपल्या अंगाची खुर्ची केली आणि चौथा त्यावर बसला, वजन नीट वाटून, घाई न करता. नाट्यखेळांच्या शिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या पद्धतीने मी तालमीत बाजूने सतत सूचना द्यायचे, "बघा, फक्त बघा," त्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसले होते आणि त्यांना गरज पडली नाही. फार अभिमान वाटला मला त्यांचा.

पुरवणी स्वीकारली, पण शेवटी आकडे जुन्याच रकान्यांत भरायला लागले, म्हणजे 18 जणांच्या पाठांतरासमोर मी त्यांच्या ऐकण्याचे मार्क लिहिले. हे मला पटलेलं नाही. रकाने बदलण्याचा अर्ज दिलाय, यावेळी आवक क्रमांक घेतलाय, सहा आठवडे झाले.