आमची वाटचाल : कीबोर्ड आणि माइकच्या मधली डबी

आमच्या व्यवसायाची सुरुवात कीबोर्डच्या दुरुस्तीपासून झाली. दुरुस्तीला येणाऱ्या वर्कस्टेशनबरोबर, म्हणजे ज्यावर अख्खे गाणे बांधता येते अशा कीबोर्डबरोबर, एक तक्रार हमखास येत असे : मागच्या ऑडिओ इनपुटला माइक जोडला तर आवाज क्षीण येतो आणि गेन (सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला की गाण्याआधी खरखरच ऐकू येते. वाद्यात बहुधा काहीच बिघडलेले नसे. साधा डायनॅमिक माइक एक-दोन मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल देतो, तर व्यावसायिक लाइन पातळी, म्हणजे ध्वनी उपकरणे एकमेकांना देतात त्या सिग्नलची पातळी, सुमारे १.२३ व्होल्ट असते. हे अंतर भरून काढायला सिग्नल सहाशेपट, म्हणजे जवळजवळ ५६ डेसिबलने वाढवावा लागतो, आणि तेवढे काम स्वच्छपणे करण्याची त्या इनपुटची तयारीच नसे. बहुतेक स्टुडिओ कंडेन्सर माइक तर ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवाचून, म्हणजे माइकच्याच केबलमधून मिळणाऱ्या विजेवाचून, चालतच नाहीत.

त्यातून आम्ही माइक आणि कीबोर्ड यांच्यामध्ये बसणारी प्रीअँपची (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटची) छोटी डबी बनवू लागलो. पहिल्या खेपेला गेनसाठी सरळ लिनिअर पॉट (नॉबबरोबर समप्रमाणात बदलणारा रोधक) वापरला आणि फसलो. नॉब जवळजवळ पूर्ण फिरवेपर्यंत फारसा फरक पडत नसे आणि शेवटच्या चिमूटभर जागेत सगळा गेन एकदम येत असे. त्या सगळ्या डब्या परत मागवून रिव्हर्स लॉग पॉट, म्हणजे गेन नॉबच्या पूर्ण फेरीत सारखा वाटून देणारे रोधक, बसवून दिले. पुढे दुसरीच तक्रार सुरू झाली. डबीचा अडॅप्टर वेगळा आणि कीबोर्डचा वेगळा, त्यामुळे काही ठिकाणी ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडच्या तारांचे बंद वेटोळे) तयार होऊन ५० हर्ट्झची गुणगुण येई. बॅलन्स्ड आउटपुट (दोन तारांवरून उलटसुलट सिग्नल पाठवून गोंगाट रद्द करणारी जोडणी) दिल्यावर ती बरीच आटोक्यात आली, परंतु प्रीअँप वाद्याच्या आतच असता तर ही जोडणीच लागली नसती, हे मान्य करावे लागले.

म्हणूनच, आमची डबी विकली जाते ती वर्कस्टेशनमधील उणिवेमुळे हे ठाऊक असूनही, वर्कस्टेशनमध्ये प्रीअँप असावा असेच आमचे मत आहे. १९८८ साली आलेल्या कोर्ग एम-१ ने ध्वनी, इफेक्ट आणि सिक्वेन्सर (वाजवलेले सूर नोंदवून पुन्हा वाजवणारी सोय) एकाच वाद्यात आणण्याची पद्धत लोकप्रिय केली. ज्या यंत्रात अख्खे गाणे बांधता येते आणि ज्याच्या व्होकोडरला (माणसाच्या आवाजाने वाद्याचा ध्वनी घडवणाऱ्या सोयीला) स्वच्छ आवाजाची गरज असते, त्याने गायकाला दारातच थांबवावे, हे आम्हाला पटत नाही.

मात्र एकच इनपुट द्यावे, पण ते पुरते द्यावे : एक्सएलआर जोडणी (माइकची तीन पिनांची जोडणी), फँटमचे स्वतंत्र बटण आणि मेनूत न दडवलेला गेनचा नॉब. आठ इनपुटांचा हव्यास नको, कारण वर्कस्टेशनच्या आत स्विचिंग पॉवर सप्लाय, डिस्प्ले आणि डिजिटल क्लॉक शेजारीशेजारी असतात आणि ६० डेसिबलचा गेन त्यांची कुजबुजही हजारपट करतो. प्रत्येक वाढत्या इनपुटला वेगळे शिल्डिंग आणि शांत पुरवठा द्यायचा, तर बोर्डावरची जागा अपुरी पडते. शिवाय आतला प्रीअँप बिघडला की अख्खे वाद्य दुरुस्तीच्या टेबलावर येते. (त्यातही आमचाच फायदा आहे, हे ग्राहकच हसत सांगतात.)

सध्या आम्ही दोन्ही कामे करतो. कोणी नवे वर्कस्टेशन घेण्यापूर्वी विचारायला आले, तर आम्ही आधी त्यांचा माइक मागवतो, तो त्या वाद्याच्या इनपुटला जोडून हेडफोनवर ऐकवतो आणि खरखर उरलीच तर मगच डबीचा विषय काढतो.