तक्रार निकाली, नेट मात्र ढिम्म : माझा अनुभव

इंटरनेट कंपनीचा ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ हा मेसेज दिसला की अजूनही माझं डोकं उठतं. कधी तर घरी कुणी फिरकलेलं नसताना, एक फोनही आलेला नसताना तक्रार परस्पर बंद. पुन्हा नोंदवायला गेलं की पहिल्यापासून तोच पाढा: राउटर बंद करून चालू करा, दोन मिनिटं थांबा, कुठले दिवे लागलेत ते सांगा. आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला घराघरांतून ऑफिसं चालतात. कुणाचा तरी त्रास वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी घरून जीएसटीची कामं करते. महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे रिटर्नची धावपळ, आणि संध्याकाळ झाली की नेट मान टाकायचं. पोर्टल मधेच लॉगआउट करायचं, भरलेलं सगळं पुन्हा भरा. प्लॅन १०० एमबीपीएसचा, हातात पडायचे पाच-सहा. सकाळी मात्र सगळं ठणठणीत.

वाय-फायचा दोष आहे का, हे आधी बघून घ्यावं. राउटरमधून लॅपटॉपला लॅन केबल थेट लावायची आणि वेग मोजायचा. केबलवर पूर्ण वेग आला तर लाइन बरी, गडबड वाय-फायची. मग राउटर टीव्हीमागून किंवा कपाटातून बाहेर काढा आणि जवळच्या खोल्यांत वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पर्याय वापरा. २.४ लांब पोचतं, पण उंच इमारतीत शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची त्यावर गर्दी असते. माझ्याकडे केबलवरही तेच रडगाणं होतं, म्हणून वाय-फायचा विषय मी तिथेच संपवला.

खरा छळ पुढे. टेक्निशियन यायचा तो सकाळी. आधी पॅसेजमधल्या डक्टचं, म्हणजे वायरी जिथून वर-खाली जातात त्या कपाटवजा जागेचं, दार उघडून आतला बॉक्स बघायचा, मग घरात येऊन मोबाइलवर स्पीड टेस्ट. “ताई, बघा, फुल येतंय. ओटीपी सांगा.” तो ओटीपी दिला की तक्रार बंद. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर दिवसभराच्या घरांची यादी असते. पण संध्याकाळी पुन्हा तेच, आणि कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, संध्याकाळी लोड असतो.” शेजारच्या काकूंकडे त्याच कंपनीचं कनेक्शन, त्याच बॉक्समधून आलेलं, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे पूर्ण वेग. मग लोड फक्त माझ्याच घराला कसा? याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. “नोंद केली आहे,” एवढंच.

म्हणून मी ओएनटीचं पान उघडलं. ओएनटी म्हणजे फायबर, अर्थात आत काचेचा तंतू असलेली वायर, ज्यात येते तो डबा, ज्याला आपण सर्रास मॉडेम म्हणतो. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान येतं, लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर असतं. काही कंपन्या ते बंद ठेवतात, तेव्हा टेक्निशियनलाच त्याच्या पॉवर मीटरवर आकडा दाखवायला सांगा. पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा असतो, उणे चिन्हासह, डीबीएम या मापात. फायबरमधून किती प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतोय, ते तो सांगतो. उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, आणि साधारण उणे २७ ही या डब्यांची शेवटची मर्यादा. आकडा ३ ने घसरला की प्रकाश निम्मा होतो.

माझ्याकडे सकाळी उणे २१, संध्याकाळी उणे २८. म्हणजे प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे: लोडने वेग कमी होऊ शकतो, प्रकाश कमी होत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं भांडण लढले.

पण संध्याकाळीच का? बॉक्स बघून टेक्निशियन डक्टचं दार अर्धवट टाकून जायचा. उंदीर नकोत म्हणून हाउसकीपिंगच्या मावशी संध्याकाळी ते घट्ट लावायच्या. मी मुलाला स्क्रीनसमोर बसवलं आणि पॅसेजमध्ये गेले. दार लोटलं. आतून आवाज आला, “आई, अठ्ठावीस!” उघडलं. “एकवीस!” बिजागरीपाशी माझी फायबरची वायर दारात चिमटत होती. तिच्यातली काच जास्त वाकली की आतला प्रकाश बाहेर निसटतो. तो क्षण मी विसरणार नाही, इतका आनंद झाला.

तरी कस्टमर केअर ऐकेना, कारण तक्रार त्यांच्या लेखी ‘निकाली’. तेव्हा अपील केलं. ट्राय, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावंच लागतं, आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही, तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका. जुने डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारींचे क्रमांक, दार उघडं आणि बंद असतानाचे दोन्ही स्क्रीनशॉट आणि डक्टचा फोटो जोडला. मग थेट एरिया सुपरवायझरचा फोन! मीटर घेऊन माणूस आला, वायर दारापासून लांबून नेली, टोक नव्याने बसवलं. दार बंद करून आकडा बघितल्याशिवाय मी ओटीपी दिला नाही.

हो, डॉकेट नंबर पहिल्या फोनपासून लिहून ठेवा, मेसेज नंतर सापडत नाहीत. फायबरचं टोक निघालं तर त्यात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. डब्यामागची पिवळी वायर गुंडाळून रबर लावू नका. आणि प्लॅन १०० हून मोठा असून वेग ९४-९५ वरच अडत असेल, तर लॅन केबल बदलून बघा: आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली की केबल १०० वरच थांबू शकते.

सेक्रेटरींना सांगून आता सगळ्या मजल्यांवरच्या डक्टची दारं तपासून घेतोय. आणखीही काही वायरी तशाच चिमटलेल्या निघाल्या.