गिलीट का करून घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. घरी येणारा प्रत्येक जण कपाटातली ती वस्तू बघून आधी "कुल्फीचा साचा का?" म्हणून हसतो, आणि मग हळूच, "एका बाजूचं सोनं उडालंय, परत गिलीट करून का घेत नाही?"

साचा नाही हो. पोझी होल्डर. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्याकडे फुलं केसांत जातात आणि हात मोकळे राहतात. व्हिक्टोरियाच्या काळातल्या विलायती बायका नाचाला, ऑपेराला गुच्छ हातात घेऊन जायच्या. जाळीदार नरसाळ्यात ओलं शेवाळ, त्यात देठ. साखळीची टाचणी जाळीतून आरपार घातली की फूल हलत नाही, हातमोजाही भिजत नाही. दुसऱ्या साखळीला अंगठी असते. नाचताना ती बोटात अडकवायची आणि गुच्छ लोंबता सोडायचा. माझ्याकडच्याची मूठ कळ दाबली की तीन पायांत उकलते. पुढे फुलं पोलक्यावर टाचायची टूम निघाली आणि या वस्तू खणांत जाऊन पडल्या. फुलांतून गुप्त निरोप जायचे का, हे कृपा करून विचारू नका.

लंडनला पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात घेतला. किंमत घरी निम्मी सांगितली होती.

गौरी यायच्या आदल्या दिवशी आई देवाची चांदी घासायला बसली होती. निरांजनं, पंचपात्र, अत्तरदाणी. मी ऑफिसातून आले तर वर्तमानपत्रावर, अत्तरदाणीशेजारी, हा. पांढऱ्या दंतमंजनात बरबटलेला. आईच्या हातात जुना टूथब्रश. "तुझंही भांडं घेतलं गं. पिवळा मळ काही केल्या निघत नव्हता मेला, आता बघ कसं लखलखतंय!"

दोन काकू बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "ते सोनं होतं. कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

आईनं ब्रश ठेवला. हात धुतले. उरलेली भांडी काकूंनी घासली.

दुसऱ्या दिवशी गौरींपुढे तो तीन पायांवर उभा होता. ती कळ तिला कशी सापडली कोण जाणे. आत ओला कापूस, त्यात शेवंती आणि मरवा. शेवाळाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्याकडे असून मी त्यात एक फूल घातलं नव्हतं, हेही खरं.

गिलीटचं विचारलं की पूर्वी मी व्याख्यान द्यायचे. याच्यावरचं काम जुनं, पाऱ्याचं. सोनं पाऱ्यात कालवून लावायचे, पारा आगीवर उडवायचे, त्या वाफेनं कारागीर आजारी पडायचे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि ते मागं पडत गेलं. जुन्यावर नवा थर देणं म्हणजे खोटेपणा, वगैरे. मुद्दा चूक नाही, आजही मानते. पण तेव्हाची मी हे जरा जास्तच जोरात सांगायची.

कारण आईही विचारते. तिचं विचारणं वेगळं असतं: "अजून तसंच ठेवलंयस? मला दाखवायला?"

नाही, म्हणते मी. ती आली की पांढरी बाजू भिंतीकडे करते. मग वाटतं, लपवलं हेही तिला दिसतच असणार, म्हणून परत पुढे करते. हे काय उत्तर झालं?

मागच्या वर्षी एकदा रविवार पेठेत गिलीटवाल्याकडे नेला होता. त्यानं दर सांगितला, वजन केलं, पावतीही फाडली. मी जिना उतरले, परत चढले आणि वस्तू मागून घेतली. तो म्हणाला, "ताई, दर कमी करू का?"

आईला हे सांगितलेलं नाही.