खालच्या दाढेची भूल
आज एका आजींची खालची दाढ काढली. "दाढ इथे दुखतेय, मग सुई एवढी मागे का रे टोचलीस?" त्यांचा हा प्रश्न मला फार आवडला. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, दाताशेजारी दिलेली भूलही आत झिरपते. खालचं हाड घट्ट. म्हणून दातांची संवेदना नेणारी नस जबड्यात शिरते तिथेच लिग्नोकेन हे भुलीचं औषध सोडायचं. त्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे बघायचंच. मग ३ ते ५ मिनिटं थांबायचं. अर्धा ओठ जड झाला, की पुढचं काम. या थांबण्यात मी कधीच घाई करणार नाही. एकदा दुखलेला पेशंट वर्षानुवर्षं दवाखाना टाळतो.

आणि आईबाबांनो, बधिर ओठ मुलं नकळत चावतात. भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा.