टक्केवारी आणि सक्ती
आज सहकाऱ्यांशी करोना लसीकरणावर बराच वेळ चर्चा झाली. रुग्णालयात दाखल झालेल्यांत लस घेतलेलेच अधिक असतील तर लसीचा उपयोग काय, असा एकाचा सवाल होता. मी कागदावर हिशेब मांडला: शंभरांपैकी ९० जणांनी लस घेतली, त्यांतील ९ आणि न घेतलेल्या १० जणांतील ५ आजारी पडले, तर संख्येने लस घेतलेलेच जास्त दिसतात, धोका मात्र त्यांना १० टक्के आणि इतरांना ५० टक्के असतो. हे त्याला पटले. करोना लसीची सक्ती नको, हे त्याचे म्हणणे मात्र मलाही रास्त वाटले. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये प्रौढांसाठी केलेला सक्तीचा कायदा त्याच वर्षी रद्द केला. गोवराची गोष्ट वेगळी, कारण तो रोखायला सुमारे ९५ टक्के लसीकरण लागते आणि लसीचे वय न झालेली तान्ही बाळे इतरांवरच विसंबून असतात. तिथे शाळाप्रवेशाची अट मला योग्यच वाटते.