काकूंचं उघडं वायफाय

डोंबिवलीत ब्रॉडबँडची तक्रार आली की ती 'नेट स्लो आहे' एवढीच असते आणि बऱ्याचदा लाइनचा दोष नसतोच. राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो, नाहीतर शेजारपाजारचे सगळे राउटर एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच लहरीवर. मी जोडण्या दुरुस्त करतो; आमच्या ग्राहक असलेल्या एका काकूंकडे फायबरमधल्या सिग्नलची पॉवर मोजली, ठणठणीत. मग राउटरचं पान उघडलं. घरात दोन फोन, एक टीव्ही. यादीत ११ उपकरणं.

पासवर्डच नव्हता. राउटरचं लॉगिनही अजून कारखान्यातून आलेलंच, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. पासवर्ड ठेवला की ग्राहक विसरतो, विसरला की फोन करतो, त्यापेक्षा उघडं बरं. रोजचं टार्गेट डोक्यावर असलं की जोडणी करणारी पोरं असंच करून पुढच्या घरी पळतात.

काकूंना २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. पोलिस पोचले त्याच्या दारात. घरात उपकरणं कितीही असोत, बाहेर आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सहसा एकच दिसतो; बिल ज्याच्या नावावर, त्याचा.

काकू म्हणाल्या, "अरे, वॉचमनचा मुलगा बारावीला आहे. मीच सांगितलंय त्याला, जिन्यात बसून वापर म्हणून. पाणपोईला कुलूप लावतात का कुणी?"

त्याला परवानगी होती, मान्य. बाकीच्यांचं काय? आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं बसतं. पण एकदा जोडलेला फोन पुढच्या वेळी आपसूक जोडला जातो, त्याला कुठलं कलम लावणार?

मग काकूंनी विचारलं, "कोण काय बघतं ते कळतं का रे?"

कळत होतं. या राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, साइटची नावं उमटत होती. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद असल्यामुळे, आतलं पान दिसत नाही, नाव दिसतं, आणि कधी कधी नावच पुरेसं असतं. एका फोनपुढे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांचीच रांग होती. मी "नाही" म्हटलं आणि लॉग बंद केला. फुकट्यांना सगळेच नावं ठेवतात. पण फुकट वापरणारा माणूस मालकासमोर किती उघडा पडतो, ते कुणी बोलत नाही. काकू भल्या आहेत. दुसऱ्या कुणाचा राउटर असता तर?

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीचा पासवर्ड टाकला, वॉचमनच्या मुलासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वायफाय, काढलं. वेगळ्या नेटवर्कमुळे काकूंची उपकरणं सुरक्षित राहतात, आयपीची जबाबदारी मात्र त्यांच्याच माथी. हेही सांगितलं. चालेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच बिल्डिंगमधून 'नेट बंद पडलं' म्हणून दोन तक्रारी. दोघांकडेही आमचं कनेक्शन नाही! पाठोपाठ सेक्रेटरींचा फोन: वापरणाऱ्यांची यादी द्या, नोटीस बोर्डावर लावतो. म्हटलं, राउटर काकूंचा, त्यांनाच विचारा.

"त्या देत नाहीत, म्हणून तर तुम्हाला फोन केला," ते म्हणाले.