ज्वारी का सोडली, हे विचारता म्हणून

लग्नात जेवणाच्या पंगतीला, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून, पुण्याहून येणाऱ्या भाच्याच्या मित्रांकडून एकच प्रश्न येतो: "तुम्ही लोकांनी ज्वारी का सोडली?" भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं, तेव्हापासून तर फारच. विचारण्यात ठपका असतो. पैशापायी सोयाबीन पेरलं, भाकरी घालवली, गुरांचा कडबा घालवला, असा. तर एकदा सगळंच सांगते.

पैशाचं कारण खोटं नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत घरात येतं, मागून हरभरा घेता येतो. खरिपाच्या ज्वारीवर कापणीच्या तोंडावर पाऊस पडला की कणसं काळी पडतात आणि व्यापारी तिला हात लावत नाही. तरी वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात घरी खाण्यापुरती ज्वारी भाव पडल्यावरही बरीच वर्षं पेरली जायची. ती गेली रोह्यांमुळे, म्हणजे नीलगाईंमुळे, आणि रानडुकरांमुळे.

"जनावरं काय आधी नव्हती?" होती ना. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धं शिवार ज्वारीचं होतं. पाखरं उतरायची, रोही शिरायचे, आणि ते नुकसान शंभर वावरांत वाटलं जायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "त्याइचा वाटा त्याइले जाऊ द्या." धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, राखणीचे उंच माळे असत, रात्री एका माळ्यावरून हाक गेली की पुढच्या माळ्यावरून ओ येई. मग एकेकाने सोयाबीन धरलं आणि हळूहळू आमचाच तुकडा उरला. सगळ्या शिवाराची पाखरं त्या तुकड्यावर. उंच पीक तेवढंच, म्हणून डुकरं दिवसाही तिथेच दडून बसायची. एकट्याने ज्वारी पेरता येत नाही, हे शहरात कोणाला पटवून देता येत नाही.

आणि जनावरांनी तरी जावं कुठे? गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे चराईची सरकारी जमीन होती, कमरेएवढ्या गवताची. तिथे पावसाळ्यात तणमोर उड्या मारताना मामाजींनी पाहिलेला. आज तो पक्षी जगातूनच संपायच्या बेतात आहे. त्या जमिनीवर अतिक्रमणं झाली, मुरूम निघाला, उरली ती नांगरली गेली. ट्रॅक्टर वळावा म्हणून धुरे बारीक केले, बोरी-बाभळी तोडल्या, राहिलेल्या गवतावर तणनाशक मारलं. डुकरांची पिल्लं उचलणारा लांडगा मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. काळविटांसाठी राखलेलं सोहोळचं अभयारण्य जवळच आहे, पण गवत खाणाऱ्याला अभयारण्याची हद्द कशी कळावी? त्यात समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. जनावरांसाठी वरून-खालून वाटा ठेवल्या आहेत, हे मान्य. तरी भिंतीच्या कडेकडेने चालणारे कळप आम्ही पाहतो, आणि ते ज्या बाजूला अडकतात त्या बाजूच्या शेतकऱ्याला ते पोसावे लागतात.

भरडधान्यांच्या त्या वर्षी आम्ही पुन्हा ज्वारी पेरली. माझा हट्ट होता. पीक असं आलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. कणसात दूध भरलं तशी यांनी जागल धरली. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की मीही तिथेच थांबायची.

त्या रात्री चांदणं नव्हतं. ताटं मोडल्याचा आवाज आला. हे म्हणाले, "डुकरं हायेत, बॅटरी दे." मी म्हटलं, वरूनच डबा वाजवा. वाजवला. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला, धुऱ्याकडून. हे उतरले. उजेड तासातून पुढे जाताना मला दिसत होता, मग एकदम खाली गेला. ओरडणं यांचं की डुकराचं, ते मला कळलं नाही. मी पोचले तेव्हा हे बसलेले होते आणि दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली होती. सुळ्याने गुडघ्याच्या वरपासून फाडलं होतं. मी लुगड्याचा पदर काढून आवळला. फोनला रेंज नव्हती. यांना तिथे एकटं सोडून रस्त्यापर्यंत पळत जायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं, आणि डुकरं अजून ज्वारीतच होती. तोडण्याचा आवाज येतच होता. हे म्हणाले, "जाय तू, बॅटरी घेऊन जाय." मी बॅटरी त्यांच्याजवळ ठेवली आणि अंधारात पळाले.

टाके पडले, रेबीजच्या सुया झाल्या. पाय वाचला, पण वखरामागे चालायचा राहिला नाही. आम्ही दवाखान्यात असताना डुकरांनी निम्मं पीक लोळवलं. पंचनामा झाला, पैसेही मिळाले, उशिरा. पुढच्या वर्षी सोयाबीन पेरलं.

"परवानगी काढून मारत का नाही?" पिकं खाणाऱ्या रोही-डुकरांबद्दल शासनाचा तसा निर्णय २०१५ चा आहे. अर्ज करा, परवाना मिळवा, बंदूकवाला शोधा, तोवर पीक राहत नाही. शिवाय एक कळप मारला की दुसरा येतो, कारण त्यालाही गवत नाही. कुंपणात करंट सोडणारे लोक आहेत. त्या तारेवर विदर्भात वाघ मेले, पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मेली. आमच्या धुऱ्यावर ते होणार नाही, हे यांनी दवाखान्यातल्या खाटेवरूनच सांगितलं.

बचत गटाच्या बैठकीत मी पूर्वी ठासून सांगायची, जनावरांचा दोष नाही, आपण त्यांची जागा खाल्ली. आता तसं वाटतं का? दिवसा, मोकळं पडलेलं ई-क्लास पाहिलं की वाटतं. रात्री डुकरं घुरघुरली की वाटत नाही. यातलं खरं कोणतं हे मी ठरवलेलं नाही, आणि कोणी मला ठरवायला लावू नये.

ज्वारी पुन्हा हवी असेल तर लागून असलेल्या दहा वावरांत एकदम पेरावी लागेल, आणि जागल वाटून घ्यावी लागेल. मी घरोघरी विचारून आले. दोघं हो म्हणाले. हे म्हणतात, तिघांवर पेरू. मी अजून हो म्हटलेलं नाही.